सरकारचा फोन

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. माझ्यावर मोठा अन्याय झाला आहे आणि दाद कुठे मागावी हे कळत नसल्याने तुझ्याकडे मागतो. गेला आठवडाभर सरकारने माझी वामकुक्षी मोडली आहे.

दुपारी दोन घास जास्तच झालेले, उशी गालाखाली, डोळा लागतो न लागतो तोच फोन. वाटलं, कर्ज घ्या म्हणणारी मंडळी असतील. तशी असती तर चार शेलके शब्द सुनावून पुन्हा कुशीवर वळलो असतो. पण पलीकडून एक बाई अदबीने म्हणाल्या की शाळेनंतरच्या आधार केंद्रातून बोलतेय, आज फोन करते म्हणाले होते म्हणून केला. ताई, मी ताडकन उठून बसलो. सरकारी माणसाने फोन करते म्हणावं आणि खरोखर करावा! इतकी वर्षं मी सरकारी कचेऱ्यांवर कोरडे ओढून पोट भरतो आहे. रविवारच्या सदराला मला दुसरा विषय येत नाही. हे असंच चालू राहिलं तर मी खायचं काय?

तुझ्या गावात असलं केंद्र नाही म्हणून तू लेकीला, मुंगीला, शाळा संपल्या संपल्या माझ्याकडे धाडलंस. मी तिला तिथे घेऊन गेलो तो सदराचा मजकूर गोळा करायच्या बेतानेच. जुन्या पोस्टाच्या डोक्यावर केंद्र, जिन्याचा कठडा डुगडुगता, तेव्हा सुरुवात झकास झाली. पण वर रांग नव्हती. साहेब जेवायला गेलेले नव्हते. उद्या या, असं कुणी म्हटलं नाही. पाण्याच्या माठावरचा पेलासुद्धा घासलेला. मी हळूहळू खचत गेलो.

आमच्या वाट्याला आलेल्या मार्गदर्शक बाई उंचीने बेताच्या, पाठीला शाळकरी पोरासारखी सॅक, पेन अंबाड्यात खोचलेलं आणि तेच पेन टेबलभर शोधणाऱ्या. मी त्यांचं नाव सरकार ठेवलं आहे. इतक्या जवळून दुसरं सरकार मी पाहिलेलं नाही. शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलामागे असं एक माणूस, दोन वर्षं. एखाद्या कामाच्या जागी आठवडाभर जाऊन बघायचं, जमलं तर शिकाऊ म्हणून राहायचं, विद्यावेतनाचा काही भाग सरकारचा. नाही जमलं तर दुसरी जागा.

तर सरकारने मुंगीला विचारलं की तुला काय करायला आवडतं. आता मुंगीची जीभ पहिल्या अक्षरालाच अडते आणि आपल्या घराण्यात बाकी कुणाची कुठेच अडत नाही. मी आपलं सवयीने उत्तर दिलं. सरकारने पुढचं विचारलं, तेही मीच दिलं. मग सरकार अत्यंत गोड आवाजात मला म्हणालं की बाहेरच्या बाकावर वारा चांगला येतो. पन्नाशीच्या माणसाला वर्गाबाहेर काढलं, ताई!

दाराला काच होती, म्हणून पाहिलं. मुंगी तोंड उघडायची, मिटायची. सरकार नुसतं बसलेलं. शब्द पुरवत नाही, मान डोलवत नाही, घड्याळाकडे बघत नाही. मला बाहेर धाप लागली. फोनवरही तेच. मी मुंगीची सगळी हकिकत सांगायला लागलो की सरकार म्हणतं, ती येईपर्यंत मी थांबते.

सोमवारपासून मुंगी चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात जायची आहे. मागच्या खोलीत भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. शांत काम, नाजूक हात. तू निश्चिंत राहा. माझ्यावरचं प्रेम आहे तेवढं राहू दे, बोलणी हवी तर कमी कर.

तुझा धाकटा,
पोपट


दि. ६ जून

चि. पोपटास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझी वामकुक्षी मोडल्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होते.

इथे शाळेच्या गणवेशांचा हंगाम. दुकानात कापडाचे डोंगर आणि मध्ये मी. बायका मापं द्यायला येतात आणि जाता जाता विचारतात की तुमची मुलगी आता काय करणार. मी म्हणते, मामाकडे गेलीय. त्या अरेरे म्हणतात. आता तो अरेरे तिच्यासाठी की तुझ्यामुळे, हे मी विचारत नाही.

त्या केंद्राबद्दल माझी तक्रार नाही. बाई चांगल्याच दिसतात, तुला बाहेर काढलं म्हणजे जाणत्याही आहेत. मला भरवसा नाही तो लोकांचा. मुंगी बोलायला लागली की समोरचा आधी हसू दाबतो, मग इकडेतिकडे बघतो, मग तिचं वाक्य आपणच पुरं करून मोकळा होतो. शाळेत निदान सवयीचे चेहरे होते. बाहेर रोज नवा माणूस, रोज नवं हसू. मी तिथे कुणाकुणाच्या तोंडावर हात ठेवायला येऊ?

म्हणून मी दुसरं शिलाई मशीन घेऊन ठेवलंय, माझ्या मशीनला अगदी खेटून. दोन्ही एकदम चालली की दुकानात कोण काय बोललं, कोण कुठे अडलं, काही ऐकू येत नाही. तिला शिवणकामाचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे. मलाही होता. पण तिथे ती माझ्या डोळ्यांसमोर राहील, आणि तिला कुणी हसणार नाही.

महिनाअखेर गणवेश उरकले की मी येते. तोवर तिचं कुठे बस्तान बसलं तर उत्तम, नाहीतर घेऊन जाते. आणि हे बघ, त्या बाईंच्या कामात तू तोंड घालू नकोस. तुझं तोंड म्हणजे वॉशर गेलेला नळ. घराला ते चालतं, पोरीच्या नशिबाला चालणार नाही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग. तुझ्यासाठीही आहेत, वागलास तर पोचतील.

तुझी,
ताई


दि. १६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गणवेशांत बुडालेली, तेव्हा तुला फार वाचायला लावत नाही. इकडे हवा बरी आहे. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी नवी पाटी लावली. तिच्यावरचे दात पहिल्या पाटीपेक्षा जास्त हसतात, त्यामुळे जिना चढताना आपल्यालाच कोणी हसतंय असं वाटतं. माझं या रविवारचं सदर बऱ्यापैकी जमलं होतं, पण हल्ली लोक वाचत नाहीत.

मुंगीचं म्हणशील तर ठीक. चष्म्याच्या दुकानातलं काम तिला तितकंसं मानवलं नाही असं दिसतं. जागा जरा कोंदट होती. सकाळी गेली ती दुपारच्या आतच परतली. सध्या खोलीत विश्रांती घेते आहे. काळजीचं काडीमात्र कारण नाही. सरकारचे फोन चालू आहेत. मुंगी घेत नाही, पण चालू आहेत.

आमची ही दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. उकाड्याने असेल.

घाईत आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
पोपट


दि. १७ जून

ती. आईस,
शि. सा. न.

मामाने तुला काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पण ते लांबलचक असणार आणि त्यात काही नसणार. मी थोडक्यात लिहिते.

बाईंनी चष्मेवाल्या मालकांना आधीच सांगितलं होतं की मी अडखळते, बोलायला मला वेळ लागतो, हातांना लागत नाही. मालक बरं म्हणाले होते. मग रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाला न सांगता त्यांच्याकडे जाऊन आला. त्याला वाटलं, बाईंनी असं सांगून माझं वजन कमी केलं, तर ते आपण भरून काढावं. त्याने सांगितलं की अडखळणं वगैरे ही कागदावरची भाषा झाली, पोरगी हजरजबाबी आहे, घरात तिच्यापुढे कुणाची टाप नाही, फक्त लाजते, चार माणसांत ढकला की खुलेल. मामा बोलायला लागला की विश्वास कोण ठेवणार नाही? मालकांनी ठेवला.

सोमवारी त्यांनी मला मागच्या खोलीत नेलंच नाही. पुढे काउंटरवर बसवलं. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाचं नाव पुकारायचं, आणि फोन घ्यायचा. मालकांना वाटलं, माझ्यावर उपकार करतोय.

पहिलंच नाव ब वरून होतं. ब माझ्या घशातच राहतो, तुला माहीत आहे. ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ समोर बसले होते. मी ब ब करायला लागले तसे तेच मला नावं सुचवायला लागले, आपलं सोडून सगळी. मग शेजारच्या बाई सुचवायला लागल्या. मग सगळं दुकान. आई, कुणी हसलं नाही. सगळे मदत करत होते. मला तेच जास्त लागलं. तेवढ्यात फोन वाजला. मी उठले आणि घरी आले.

मामी म्हणते, जेव. मी जेवते. बाईंचा फोन मी घेत नाही, कारण त्या थांबतील, आणि माझ्याकडे त्यांना सांगायला काहीच नाही.

हे वाचून तू मला न्यायला येशील. येऊ नकोस. मला दुसऱ्या मशीनवर बसायचं नाही. तिथे मला कुणी हसणार नाही हे खरं आहे. पण मी तिथे आहे हेही कुणाला कळणार नाही. हे मी तुला घरी तीनदा सांगायला घेतलं होतं. कागदावर सांगायला बरं पडलं, इथे मध्ये कुणी बोलत नाही.

रागावू नकोस. रागावलीस तर मामावर रागाव, त्याला सवय आहे.

तुझी,
मुंगी


दि. २० जून

पोपटास,

आशीर्वाद उरले तर शेवटी देते.

मुंगीचं पत्र आलं. तुझंही आलं होतं, त्यात दाताच्या डॉक्टरांची पाटी होती. जागा कोंदट होती म्हणे! अरे, पोरीचं तोंड बंद झालं आणि तू मला हवापाणी कळवतोस? तुला मी एवढं एकच सांगितलं होतं की तोंड घालू नकोस. हत्तीला सांगितलं असतं तर त्याने सोंड बांधून घेतली असती.

रविवारच्या गाडीने येते आहे. तिची पिशवी भरून ठेव. पुष्कळ झालं केंद्र, पुष्कळ झालं आठवडाभर बघणं. मला दुसऱ्या मशीनवर बसायचं नाही, असं ती लिहिते. नको बसू दे. नुसती घरात बसली तरी मला जड नाही.

आशीर्वाद उरले नाहीत.

ताई


दि. २२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या गाडीच्या आधी पोचावं म्हणून जादा तिकीट लावून धाडतो आहे. निघण्याआधी एवढं वाच, मग ये किंवा येऊ नकोस, माझं काही म्हणणं नाही. खरं तर आहे, पण ते शेवटी.

मुंगीने लिहिलं ते अक्षरशः खरं आहे. मी गेलो होतो, शर्ट इस्त्रीचा होता, आणि भाषण उत्तम झालं होतं. मला वाटलं, अडखळते असं म्हटल्यावर पोरीला कोण उभं करील? दार उघडावं म्हणून मी असा धक्का दिला की दार तिच्याच नाकावर आदळलं.

मुंगी फोन घेईना, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी सरकार स्वतः जिने चढून घरी आलं. मला झापणार या खात्रीने मी दोन-तीन बाणेदार उत्तरं रचून ठेवली होती. ती वाया गेली. सरकार चष्मेवाल्यांना भेटून आलं होतं. मालक बिचारे हळहळले म्हणे, आणि माझी तारीफ करत होते की असा वक्ता ऐकला नाही. कौतुक इतकं झोंबतं हे मला या वयात कळलं.

मुंगीच्या खोलीचं दार बंद. सरकारने ते वाजवलं नाही. बाहेर फरशीवर भिंतीला टेकून बसलं, सॅकमधून बिस्किटांचा पुडा काढला आणि दाराला उद्देशून म्हणालं की मी इथे बसलेय, मला काही घाई नाही. मग गप्प. ताई, ते गप्प बसणं मला ऐकवेना. मी आपलं दाराशी जाऊन मुंगीला समजावून सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर आमच्या हिने मला साखर आणायला पिटाळलं. घरात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता.

साखर घेऊन आलो तर दार उघडं, मुंगी फरशीवर, पुडा निम्मा. हिने मला खुणेने स्वयंपाकघरात ओढलं आणि मी साखर हातात धरून तिथूनच ऐकलं. सरकारने विचारलं होतं की कुठे जावंसं वाटतं, आणि मुंगीचं उत्तर चाललं होतं. एवढा वेळ चाललं की मी अख्खं सदर लिहिलं असतं. पण पूर्ण झालं. केंद्राच्या बाकावरून खाली एक सायकल दुरुस्तीचा कारखाना दिसतो. मी ज्या बाकावर बसून वारा खाल्ला, तोच. मुंगी एकटी केंद्रात गेली की तिथून खाली बघत बसायची. वाकडं झालेलं चाक चिमट्यात लावतात, फिरवतात, एकेक तार पिळतात आणि त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढतात. तिला ते करायचंय. मी त्या बाकावर दोनदा बसलो, मला फक्त उकाडा दिसला.

मुंगीच्या अटी दोन. मामाने त्या रस्त्याला फिरकायचं नाही. आणि अडखळण्याचं यावेळी बाईंनी सांगायचं नाही, मामाने लपवायचं नाही, ती स्वतःच सांगणार. त्यासाठी दोघींनी बसून एक वाक्य केलं. मी अडखळते, शब्द मला ठाऊक असतो, थांबा, सांगते. एवढंच. सरकारने त्यात एक शब्द घालायला सुचवला, मुंगीने तो काढून टाकला. घरात फिरता फिरता ती ते म्हणते आहे. काल मलाही म्हणून दाखवलं.

सोमवारी ती जायची आहे. आता माझं म्हणणं. तू रविवारी येऊन पिशवी उचललीस तर ती हट्ट करणार नाही, रडणार नाही. निमूट तुझ्याबरोबर येईल. मला भीती तिच्या हट्टाची नाही, त्या निमूटपणाची आहे. एक आठवडा दे, ताई. माझ्यासाठी मागत नाही.

आशीर्वाद देऊ नकोस, पण राग आठवडाभर तहकूब ठेव.

तुझा,
पोपट


दि. २६ जून

चि. पोपटास,
अ. आ. (उत्तम नाहीत, नुसतेच.)

रविवारी पिशवी खांद्याला लावून दाराला कुलूप घालत होते, तेव्हा जादा तिकिटामुळे रविवारीही आलेल्या पोस्टमनने तुझं पत्र हातात दिलं. पायरीवर बसूनच वाचलं. मग कुलूप काढून आत आले. गाडी गेल्याची शिट्टी घरात ऐकू आली.

तिने तीनदा सांगायला घेतलं होतं म्हणे. त्यातलं एकदा मला आठवतं. मी म्हटलं होतं, कळलं कळलं, तुला मोठी कात्री हवीय. आणि आणून दिली होती.

आठवडा दिला. पण माझं इथे काय चाललंय ते ऐक. काल एका मुलाच्या गणवेशाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. त्याची आई म्हणाली की तुमचं लक्ष नाही. मी म्हटलं, नाहीच आहे. तेव्हा काय ते लवकर कळवा, नाहीतर गावातली सगळी पोरं तिरकी दिसतील. आणि तू कळवू नकोस, तिला लिहू दे.

ताई


दि. ४ जुलै

ती. आईस,
शि. सा. न.

त्यांनी मला ठेवून घेतलं. आधी हे लिहिते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. एक वर्ष शिकाऊ म्हणून. विद्यावेतन अर्धं कारखान्याचं, अर्धं केंद्राचं. दर शुक्रवारी संध्याकाळी केंद्रात बोलण्याचा वर्ग असतो, तिथे आणखी पाचसहा अडखळणारे आहेत. आम्ही एकत्र जमलो की एक चहा सांगायला पाऊण तास लागतो, पण हसायला येतं.

पहिल्या दिवशी बाई माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मी एकटी आत गेले. मालकीणबाई जाड आहेत आणि त्यांच्या कोपरापर्यंत ग्रीस असतं. मी वाक्य म्हणायला घेतलं. थांबा या शब्दावर अडले, त्यामुळे त्या आपोआपच थांबल्या. पूर्ण झाल्यावर म्हणाल्या की इथे कुणालाच घाई नाही, ज्याला घाई आहे त्याने चालत जावं. मग पाना दिला.

चाक चिमट्यात घालून फिरवलं की ते कुठे घासतं ते कानाला कळतं. तिथली तार थोडी सैल, समोरची थोडी घट्ट. जास्त पिळली तर चाक दुसरीकडे झुकतं. पहिल्या दिवशी मी एक चाक इतकं सुधारलं की त्याचं अंडं झालं. मालकीणबाईंनी ते खिळ्याला टांगून ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. आता बरं जमतं.

इथे रीत अशी आहे की ज्याने सायकल दुरुस्त केली त्यानेच गिऱ्हाइकाला काय केलं ते सांगायचं आणि पैसे घ्यायचे. मालकीणबाईंना म्हटलं, मी फक्त दुरुस्ती करीन. त्या म्हणाल्या की तसंही चालेल, तुझं तू ठरव, पण तुझं काम दुसऱ्याने सांगितलं तर ते त्याचं होतं. मी दोन दिवस नुसती दुरुस्तीच केली. तिसऱ्या दिवशी माझंच चाक दुसऱ्याने सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. तेव्हापासून मी सांगते. ब्रेक हा शब्द दिवसातून पन्नासदा येतो. कधी निघतो, कधी नाही. नाही निघाला तर मी ब्रेक दाबून दाखवते. एक गृहस्थ माझं वाक्य पुरं करायला लागले. मी त्यांना थांबवलं. रागावले असावेत, पण परवा दुसरी सायकल घेऊन आले.

मामा रस्त्याच्या टोकाला झाडामागे उभा असतो. अट मोडली नाही असं त्याचं म्हणणं आहे, कारण ते झाड पलीकडच्या रस्त्यात येतं. झाड बारीक आहे. मामा नाही.

आई, दुसऱ्या मशीनवर कुणी शिकणारी मुलगी बसव. आणि तू ये. न्यायला नको, बघायला ये.

तुझी,
मुंगी


दि. १८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू येऊन गेलीस, कारखाना पाहिलास, मालकीणबाईंच्या फाटक्या ॲप्रनला तिथल्या तिथे टाका घालून दिलास आणि मला जेमतेम चार वाक्यं बोललीस. पैकी तीन लागली. चौथं काय होतं ते विसरलो, म्हणजे ते चांगलं असणार. तू गेल्यावर ही म्हणाली की तुझा चेहरा डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवल्यासारखा हलका दिसत होता. मी आमचा आरशात पाहिला. आहे तसाच आहे, पण झोप बरी लागते.

माझी अडचण मात्र कायम आहे. संपादक विचारतात की हल्ली तुमच्या सदरात कचेऱ्या दिसत नाहीत, तब्येत बरी नाही का. त्यांना काय सांगू? परवा सरकारने फोन करून कळवलं की मुंगी रुळली आहे, आता आठवड्याला नाही, महिन्यातून एकदा फोन येईल, आणि मध्ये काही लागलं तर तिने कधीही करावा. दुपारची वेळ, पंखा चालू, उशी तयार, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी सरकारला म्हटलं की आठवड्यालाच केला असता तर बरं. सरकार म्हणालं की मामा, फोन मुंगीसाठी होता. शेवटी सदर पालिकेच्या कारंज्यावर लिहिलं. ते अजून बंद आहे, देवाची कृपा.

तुझ्या दुसऱ्या मशीनवर शेजारची मुलगी बसायला लागल्याचं मुंगीने सांगितलं. ते सांगताना ती दोनदा अडली. आम्ही दोघं जेवत होतो, जेवत राहिलो.

आता हात दुखला. तिकडचं प्रेम तिकडे ठेवू नकोस, थोडं इकडे पाठव, मुंगीच्या वाटणीतलं चोरणार नाही.

तुझा,
पोपट

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून हे लिहितो. मुंगीने गिऱ्हाईक म्हणून यायची परवानगी दिली, तेव्हा काल जिन्याखालची माझी सायकल ढकलत कारखान्यात गेलो. तिने मला ओळख दाखवली नाही. चाक फिरवून बघितलं, संध्याकाळी या म्हणून खुणावलं आणि पाठ फिरवली. संध्याकाळी गेलो. काय काय केलं ते तिने सांगितलं, आणि किती झाले ते सांगायला लागली तेव्हा आकड्याच्या तोंडाशीच अडली. तिच्या मागे भिंतीवर दराचा फळा होता, बेरीज मला वाचता येत होती. माझ्या मागे दोन माणसं सायकली घेऊन उभी होती. मी फळ्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत उभा राहिलो. अठ्ठ्याहत्तर, मुंगी म्हणाली. मी शंभरची नोट दिली, तिने सुटे मोजून परत दिले, ते मी खिशात घातले आणि मागच्यांना वाट करून दिली.